मुलगी नकाशा काढेल, आरक्षण उठवणार नाही

पत्र थोडक्यात असं: 'माझी मुलगी बी.एस्सी. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला ६१ टक्के पडले आणि इंजिनिअरिंग हुकलं. हद्दवाढीत आलेल्या आमच्या २२ गुंठ्यांवर प्रारूप विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण टाकलंय. पुण्यात सहा महिन्यांचा जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे करायचा, कोर्स आहे, फी ९० हजार, नोकरीची हमी देतात. तो करून ती नगररचना कार्यालयात चिकटली तर तिचं भलं होईल आणि घरचं कामही होईल. भूगोल घेऊन शिक्षक होण्यापलीकडे काय आहे? ती ऐकत नाही, तुम्ही समजवा.' – एक पालक, कृष्णाकाठ

नमस्कार,

तुमच्या चार पानी पत्रात मुलीचे टक्के एकदा आले आहेत आणि २२ गुंठे पाच वेळा. त्यामुळे मला आधी त्या गुंठ्यांबद्दलच बोलावं लागणार.

'घरचं कामही होईल' हे तुमचं वाक्य मला खटकलं. जमिनीवर आरक्षण पडल्यावर माणसाची झोप उडते, ते मी समजू शकते. पण एका आरक्षणासाठी वीस-एकवीस वर्षांच्या मुलीचं आख्खं करिअर आखायला निघालात, आणि तिला तसं सांगितलंतही. समजा ती लागली त्या कार्यालयात. पहिल्याच महिन्यात वडिलांची फाइल, मग चुलत्यांची, मग 'तुमची पोरगी आतच आहे ना' म्हणत येणारी सगळी भावकी. स्वतःच्या घरच्या जमिनीचा विषय आला की प्रामाणिक कर्मचाऱ्याने बाजूला व्हायचं असतं. ती बाजूला झाली तर तुम्ही नाराज, नाही झाली तर चौकशी तिच्या मागे. शिवाय सरकारी नोकरीत बदली असते. तुमची मुलगी नंदुरबारला बसून गडचिरोलीहून आलेल्या सहकाऱ्यासोबत तिथली आरक्षणं बघत असेल, तेव्हा तुमच्या २२ गुंठ्यांचं काय होणार?

दुसरं म्हणजे, तुमचा एक मोठा गैरसमज आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. जो नकाशा काढतो तोच ठरवतो, असं लोक धरून चालतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये विकास आराखड्याची वाट पायरीपायरीने घालून दिली आहे. आधी विद्यमान जमीन वापर नकाशा, म्हणजे आज कुठे काय आहे त्याची नोंद. मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या समितीत स्थायी समितीचे सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञही असतात. शेवटी मंजुरी राज्य सरकार देतं. संगणकापुढे बसून तुमच्या गटावर हिरवा रंग भरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला या साखळीत मत नसतं. तो रंग त्याने काढावा असं कुणीतरी ठरवून दिलेलं असतं, आणि ज्याने ठरवलं त्यालाही पुढे कागदावर कारण द्यावं लागतं. तुमचं म्हणणं खरं असेल, म्हणजे शेजारीच मोकळी सरकारी जमीन असेल किंवा तुमच्या जागेवर आधीच घरं असतील, तर भाग नकाशा घ्या आणि मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा. सुनावणीला स्वतः जा. आराखडा मंजूर झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर 'जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा' अशी कलम १२७ ची नोटीस देता येते. मोबदला टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपात घेण्याचा पर्यायही असतो. हे सगळं वकिलाचं काम आहे. मुलीचं नाही.

आणि तुमचा बेत दुसऱ्या बाजूनेही फसणार आहे. सहायक नगररचनाकाराची भरती एमपीएससीतून होते. त्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नियोजन अशा शाखांची पदवी लागते. भूगोलाची पदवी आणि वर जीआयएसचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन त्या पदाचा अर्जच भरता येत नाही. कोर्सवाल्यांनी हे सांगितलं नसेल. आतापर्यंत निघालेल्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना स्वतः वाचा.

आता 'भूगोलात काय आहे' याकडे येऊ. तुम्ही ज्या जीआयएसला संगणकाचा कोर्स समजताय, त्याची सुरुवात एका भूगोलतज्ज्ञाने केली. १९६० च्या दशकात कॅनडा सरकारला देशभरच्या जमिनीची मोजदाद करायची होती: शेतीला योग्य कोणती, जंगलाला कोणती, वन्यजीवांना कोणती. एवढे नकाशे हाताने एकावर एक ठेवून बघणं अशक्य होतं. रॉजर टॉमलिन्सन यांनी ते संगणकाकडून करून घेण्याची कल्पना मांडली आणि राबवली. म्हणजे ही पद्धत जमीन वापराच्या प्रश्नातूनच जन्मली. तुमची मुलगी तीन वर्षं हेच शिकते आहे.

तिने पत्राच्या तळाशी, तुमच्या सहीखाली, बारीक अक्षरात सहा ओळी लिहिल्या आहेत. तुम्ही त्या पाहिल्यात की नाही कुणास ठाऊक. आता पुढचं तिच्याशी बोलते.

तू लिहिलंयस की दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एका प्रभागात घरोघर फिरून तू खालच्या आणि वरच्या मजल्यांचा वापर नोंदवलास, आणि तुमच्याकडच्या जुन्या नकाशात 'निवासी' दाखवलेल्या एका गल्लीत खाली गॅरेज, वर क्लास, मागे गोदाम निघालं. 'हे चूक कुणाची, हे मला कळलं नाही,' असंही तू लिहिलंस. या व्यवसायात तुला जागा आहे की नाही, याचं उत्तर मला त्या ओळीत मिळालं. फिरून आल्यावर हा प्रश्न ज्याला पडतो तोच पुढे कामाचा माणूस होतो.

मुंबईचं उदाहरण बघ. २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी संगणकावर विद्यमान वापर नकाशा झाला, फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आलं, आणि लोकांनी ते उघडून आपापली गल्ली शोधली. उभ्या इमारतींवरून जाणारे रस्ते, वारसा वास्तू चुकीच्या वापरात, अशा चुका निघत गेल्या. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. सॉफ्टवेअर सगळं व्यवस्थित चालत होतं. त्यात जे भरलं ते जाऊन तपासलेलं नव्हतं. उपग्रह छप्पर दाखवतो. छपराखाली शाळा आहे की शिवणकाम, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

प्रमाणाचंही भान हवं, आणि ही गोष्ट बाबांनाही वाचून दाखव. केंद्राच्या अमृत योजनेत शहरांचे जीआयएस आधारित आराखडे करायचं ठरलं, त्यासाठी नकाशाचं प्रमाण १:४००० धरलं. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या जाड रेघेखाली दोन मीटरची पट्टी झाकली जाते. बांधावरून भांडणारे लोक मोबाइलवर आराखडा मोठा करून 'बघा, रस्ता तुमच्यात येतोय' म्हणतात, तेव्हा ते नकाशाकडून त्याच्या ऐपतीबाहेरचं उत्तर मागत असतात. बांध ठरवायचा तर भूमी अभिलेखची मोजणी. आणि जुने गाव नकाशे साखळीने मोजलेले, ते उपग्रहाच्या चित्रावर बसवायला गेलं की एक कोपरा बसला तर दुसरा सरकतो. तो किती सरकला आणि आपण किती ताणून बसवला, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणं हेच त्या कामातलं खरं कसब आहे.

तुमच्याकडे तर विषय पायाशी आहे. २००५, २०१९, २०२१ चे पूर तुमच्या शहरांनी पाहिले. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात नियंत्रित. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचाच तर २०१९ ला पाणी कुठल्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आलं ते लोकांना विचारून नोंदव, त्यावर पूररेषा टाक आणि गुंठेवारीच्या वसाहती टाक. तीन थर एकावर एक आल्यावर जे दिसेल ते कुठल्याही मुलाखतीत तुझ्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

या कामाचं फार गोड चित्र मात्र रंगवू नकोस. सुरुवातीची नोकरी बहुतेकदा खासगी सल्लागार कंपनीत आणि कंत्राटी असते. महिनोन्महिने स्क्रीनवर घरांच्या कडा गिरवायच्या. पगार बेताचा. जी मुलं तिथेच थांबतात ती कंटाळून सोडतात, जी सोबत डेटाबेस आणि थोडं पायथन प्रोग्रामिंग शिकतात त्यांना पुढचं काम मिळतं. पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या, मालमत्ता कराचं सर्वेक्षण, आपत्ती व्यवस्थापन, सगळीकडे हीच कौशल्यं लागतात. विकास आराखडा हा त्यातला एक भाग आहे.

पुढचे रस्ते थोडक्यात. जिओइन्फॉर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. पुण्यात करता येते. सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहचित्रांवरून अभ्यास, शिकवणाऱ्या डेहराडूनच्या आयआयआरएस या संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स आजपासून सुरू कर. ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसायची इच्छा असेल, तर भूगोलात पदव्युत्तर पदवी घेऊन काही संस्थांमध्ये एम.प्लॅनिंगला जाता येतं. हा रस्ता लांबचा आहे, पण तुझ्या त्या प्रश्नाला तोच जास्त साजेसा आहे असं मला वाटतं. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तिथल्या प्रकल्पांच्या जाहिराती बघत राहा.

त्या ९० हजारांच्या कोर्सबद्दल बाबांना एकच करायला सांग. वर्गात जाऊन शिकवणाऱ्याला विचारायचं, 'कोल्हापूर आणि नागपूर एकाच यूटीएम पट्ट्यात येतात का?' यूटीएम म्हणजे नकाशासाठी पृथ्वीचे रेखांशांनुसार पाडलेले, क्रमांक दिलेले पट्टे. ही दोन शहरं एकात येत नाहीत. कोल्हापूर ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये, मध्ये ७८ अंश पूर्व रेखांश. शिकवणारा अडखळला तर पैसे खिशातच राहू द्या. आणि 'नोकरीची हमी' कुठली कंपनी, कुठलं पद, किती पगार असं करारावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर ती हमी नाही.

तुझा शेवटचा प्रश्न: भावाच्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जीआयएसचं काम चालेल का? क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर चालतं, आणि ते फुकट आहे. ड्रोनची मोठी चित्रं उघडलीस तर अडकेल, म्हणून आधी तुझ्या प्रभागापुरता तुकडा कापून घे आणि त्यावर काम कर. फाइल दर तासाला दुसरीकडे साठवून ठेव, कारण भावालाही तो लॅपटॉप लागत असणार.