टॅलीचा बॅकअप कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर घेतो. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तर तो वाचेल का?

नाही, बहुधा तोही जाईल. रॅन्समवेअर सी ड्राइव्हपुरतं थांबत नाही. त्या क्षणी जोडलेली डिस्क, पेन ड्राइव्ह, शेअर केलेलं फोल्डर, जिथे लिहिता येतं ते सगळं कुलूपबंद करतं. दोन डिस्क आलटून पालटून वापरा आणि बॅकअप झाला की वायर काढून डिस्क घरी न्या. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा (हे जवळपास कोणीच करत नाही). विंडोज अपडेटही टाळू नका: मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. मात्र बॅकअपमुळे हिशेब परत मिळतात, चोरीला गेलेली गिऱ्हाइकांची माहिती नाही.