रत्नागिरीतून साडेचार लाख माणसं गेली नाहीत, आधी हद्द बघा

लेखासाठी तुम्ही केलेला कोकणातल्या जिल्ह्यांच्या लोकसंख्येचा तक्ता बघितला. रत्नागिरी १९७१ ला १९ लाख ९० हजार, १९९१ ला १५ लाख ४४ हजार, आणि खाली प्रश्न: "वीस वर्षांत साडेचार लाख लोक मुंबईला गेले असं धरायचं का?" नका धरू. हेच दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मीही एकेकाळी डोकं खाजवलंय, म्हणून जरा लांबण लावतो. मी लोकसंख्याशास्त्राचा माणूस नाही, आकडे चाळायची खोड आहे इतकंच. टक्केवारी कशी काढायची वगैरे तुम्हाला येतंय, त्यात शिरत नाही.

१ मे १९८१ ला रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तुमचा १९७१ चा आकडा मंडणगडपासून पार सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंतचा आहे, १९९१ चा राजापूरला संपतो. १९९१ ला सिंधुदुर्गात ८ लाख ३२ हजार लोक होते. ते मिळवा, बेरीज २३ लाख ७६ हजार होते. म्हणजे तेवढ्याच मुलखात माणसं पावणेचार लाखांहून जास्त वाढलीत! लोक मुंबईला जात नव्हते असं मी म्हणत नाही, घरटी कोणी ना कोणी जातच होतं. पण ते या वजाबाकीत दिसत नाही. आणि १९८१ ची जनगणना जिल्हा होण्याच्या दोन महिने आधीची, तेव्हा त्या सालचे रत्नागिरीचे दोन निरनिराळे आकडे हाती लागले तर दचकू नका. रायगडचा १९७१ चा रकाना तुम्ही रिकामा ठेवलाय, तिथे कुलाबा शोधा. नाव १९८१ ला बदललं.

आता ज्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ते सांगतो. आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला तालुकावार आकडे हवे होते. एका सरकारी कार्यालयाने (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) रीतसर अर्ज घेऊन झेरॉक्स दिल्या. त्यात सगळी सालं एकाच 'रत्नागिरी' या मथळ्याखाली, सरळ ओळीत. हद्द जुनी की नवी, एक अक्षर नाही. विचारलं तर "छापलंय ते दिलंय." टेबलामागे टेबल, दुपारनंतर या, साहेब दौऱ्यावर. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तर उत्तर आलं की माहिती उपलब्ध स्वरूपात यापूर्वीच पुरवली आहे. तोवर स्मरणिका छापून झाली होती, लेख राहिला तो राहिलाच. पुढे एका ग्रंथालयात तेच मूळ पुस्तक मिळालं. हद्दबदलाची तळटीप होती की तिथे! पुढच्या पानावर. ते पान त्यांनी झेरॉक्सच केलं नव्हतं. आजही आठवलं की डोकं फिरतं. कोणी मुद्दाम लपवलं असं नाही, फक्त दोन ओळी पुढे वाचायची तसदी कोणी घेतली नाही.

त्यामुळे माझं मत, पटलं तर घ्या: कार्यालयातून आकडे आणायच्या भानगडीत पडू नका. जनगणनेच्या प्रकाशनांत ए-२ नावाचा तक्ता असतो, १९०१ पासूनची दशकवार वाढ, ज्या जनगणनेचं प्रकाशन तिच्याच वेळच्या हद्दीत बसवून दिलेली. २०११ चा ए-२ घ्या आणि जिल्ह्यांची मालिका फक्त त्यातूनच उचला. दोन पुस्तकांतले आकडे एका ओळीत लावू नका. अर्ज करायचाच असेल तर "हा आकडा कोणत्या हद्दीचा?" असा प्रश्न विचारू नका, अमुक प्रकाशनातल्या हद्दबदलाच्या निवेदनाची प्रत मागा. कागद मागितला की कागद मिळतो, खुलासा मागितला की टोलवाटोलवी.

ठाण्याला मात्र २०११ चा ए-२ पुरत नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. २०११ ला अखंड ठाणे १,१०,६०,१४८, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. त्यातले २९,९०,११६ आजच्या पालघरचे, उरलेले ८०,७०,०३२ आजच्या ठाण्याचे. हे ८० लाख २००१ च्या अखंड ठाण्याच्या ८१,३१,८४९ शेजारी ठेवून "ठाणे आटलं" म्हणणारे आलेख मी पाहिलेत. प्रत्यक्षात त्या दहा वर्षांत तिथे २९ लाख माणसं वाढली, ३६ टक्के.

खरी घट हवी असेल तर ती २००१ ते २०११ मध्ये आहे, आणि तिथे हद्दीची सबब चालत नाही. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. दोन्ही मिळून लाखभर माणसं कमी, आणि त्याच काळात राज्य १६ टक्क्यांनी वाढलं. तुमच्या लेखाचा विषय खरं तर हा आहे, १९७१ मध्ये कशाला अडकलात? फक्त 'घट म्हणजे स्थलांतर' असं एका दमात लिहू नका. जन्मही घटलेत, मागे राहिलेल्यांत म्हातारी माणसं जास्त. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या त्या ११२२ झाल्या, सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६. माझा अंदाज असा की पूर्वी पुरुष एकटा जायचा, आता बिऱ्हाडच उठतं. अंदाजच आहे, पुरावा म्हणून वापरू नका. त्यासाठी स्थलांतराचे, डी मालिकेतले तक्ते बघावे लागतील, ते मी नीट चाळलेले नाहीत.

रायगडची त्याच दहा वर्षांतली १९ टक्के वाढ बघून तिथे सगळं आलबेल आहे असंही लिहू नका. मोठा वाटा पनवेलचा. पनवेल तालुका बाजूला काढून उरलेल्या जिल्ह्याचा दर काढा, महाड-पोलादपूरकडचा रायगड वेगळाच दिसेल.

मुंबई शहराचा तुमचा आकडा ३१,४५,९६६ आहे. तो २०११ चा हंगामी, म्हणजे मोजणीनंतर लगेच जाहीर केलेला कच्चा. अंतिम ३०,८५,४११. साठ हजारांचा फरक, २००१ पासूनची घट पावणेसहा टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर जाते. बाकीचे जिल्हेही एकदा अंतिम आकड्यांशी ताडून घ्या.

जाता जाता, तुमच्या तक्त्याखाली कुणीतरी लिहिलंय की शिमग्याला चाकरमानी गावी असतात म्हणून कोकणाचे आकडे फुगतात. १९९१ ला फाल्गुनी पौर्णिमा खरंच २८ फेब्रुवारीला, म्हणजे मोजणीच्या अगदी शेवटच्या दिवशी आली होती, त्यामुळे शंका वेडगळ नाही. पण मोजणी ९ फेब्रुवारीपासून चालते आणि त्या मुदतीत माणूस आपल्या नेहमीच्या घरी कधीही असला तर तिथलाच धरतात. चार दिवस पालखीला आलेला कांदिवलीतच मोजला जातो.

तालुक्यांत उतरणार असाल तर सावंतवाडी आधी तपासा. १९९१ ला दोडामार्ग हा वेगळा तालुका नव्हता, त्याची गावं सावंतवाडीतून आलीत, त्यामुळे २००१ ला सावंतवाडी अचानक रिकामी झाल्यासारखी दिसते. गावपातळीवर तर २००१ आणि २०११ चे संकेतांकच जुळत नाहीत, एकेक गाव नावानेही ताडून बघावं लागतं. एकेका नावाची दोन-दोन गावं निघतात, बुद्रुक-खुर्दचे घोळ वेगळे. एकट्याने करू नका, कोणीतरी नावं वाचून दाखवणारा सोबत घ्या.