गेमच्या फॅन-विकीवर लेखांच्या कॅटेगरी नीट कशा लावायच्या?

तुम्ही चौघा मित्रांनी चालवलेली शेतीच्या गेमची इंग्रजी विकी, लेख साडेतीनशे आणि कॅटेगरी, म्हणजे लेखांचे गट, दोनशेच्या घरात. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण एकेकाळी आमच्याकडेही हाच प्रकार होता. मी एका छोट्या गेमच्या विकीवर तीन-चार वर्षं अ‍ॅडमिनगिरी केली. तो गेम फारसा कुणी खेळलेला नाही, म्हणून उदाहरणं स्टारड्यू व्हॅलीची देतो. तोही शेतीचाच, तुम्हाला चटकन लागू पडतील.

आधी एक कडू गोष्ट सांगतो. कॅटेगरीचं पान वाचक उघडतच नाही. तो गुगलवर 'स्टर्जन कुठे मिळतो' असं टाकतो, थेट स्टर्जनच्या पानावर उतरतो, डोंगरातलं तळं, उन्हाळा नाहीतर हिवाळा, सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढं वाचतो आणि गळ टाकायला पळतो. पानाच्या तळाशी कॅटेगरीची पट्टी असते हे त्याच्या गावीही नसतं. ती पट्टी वापरतो आपण, संपादक. त्यामुळे नवी कॅटेगरी काढताना मी स्वतःला एवढंच विचारतो, की ही यादी मला कधी लागणार आहे? पॅच (गेमचा अपडेट) आला की सगळ्या माशांच्या किमती तपासायच्या असतात, तेव्हा 'मासे' लागते. आमच्याकडे 'निळ्या वस्तू' अशी एक कॅटेगरी होती, दहा-बारा पानांची. ती कुणी काढली आणि कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्या दोनशेतल्या बऱ्याचशा 'उन्हाळ्यात नदीत मिळणारे मासे' या जातीच्या असणार, पैजेवर सांगतो. हा मोह सगळ्यांना होतो. पण चार ऋतू, नदी-तळं-समुद्र अशी तीन पाणी आणि पाऊस असला-नसला, असा गुणाकार करा, चोवीस झाल्या. त्यात तिलापिया उन्हाळ्यातही मिळतो आणि शरदातही, म्हणजे तो दोन ठिकाणी. ही जोडाजोड मोडून टाका. 'मासे' वेगळी, 'उन्हाळा' वेगळी, 'नदी' वेगळी, आणि तिलापियाला त्यातल्या ज्या लागू त्या सगळ्या. साध्या मीडियाविकीला (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) दोन कॅटेगरींत सामाईक काय आहे ते काढून दाखवता येत नाही, हे खरं. पण ते काम कॅटेगरीचं नाहीच. त्यासाठी एकच मोठं 'मासे' नावाचं लेख-पान करा, त्यात सॉर्ट होणारा तक्ता टाका. ऋतू, जागा, वेळ, हवामान, किंमत असे रकाने. वाचक त्यावर खूश असतो. तुमच्या होस्टने (विकी जिथे ठेवलीय ती सेवा) कार्गो हे एक्स्टेन्शन दिलं असेल तर इन्फोबॉक्समधली (लेखाच्या कडेची माहितीची चौकट) माहिती डेटाबेसात साठते आणि असे तक्ते आपोआप तयार होतात. ते शिकायला आठवडा जातो, पण तो आठवडा द्या.

आता खरी मेख. कॅटेगरी पानावर हाताने लिहू नका, इन्फोबॉक्सच्या टेम्प्लेटला, म्हणजे अनेक पानांत वापरल्या जाणाऱ्या साच्याला, लिहू द्या. हे मला उशिरा कळलं. एका कॅटेगरीचं नाव बदलायचं ठरलं, मी कॅटेगरीचं पान मूव्ह केलं आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर नवी कॅटेगरी रिकामी आणि जुनीत एकशे चाळीस पानं तशीच बसलेली. कारण कॅटेगरीचं नाव कॅटेगरीत नसतं, प्रत्येक लेखाच्या आत लिहिलेलं असतं. तो अख्खा रविवार मी एकेक पान उघडून, बदलून, सेव्ह करण्यात घालवला. तेच 'मासा' या इन्फोबॉक्स टेम्प्लेटमध्ये एका ओळीत असतं, तर एक संपादन पुरलं असतं. स्टारड्यूच्या 2016च्या 1.1 अपडेटमध्ये शेन आणि एमिली हे गावकरी लग्नाळू झाले. टेम्प्लेटमध्ये 'लग्न: हो/नाही' असा रकाना असला, की 'नाही'चं 'हो' केलं की काम झालं. लेखाच्या तळाला काय लिहायचं राहिलं, ते बघायला नको.

यात दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. पहिला म्हणजे टेम्प्लेटमधली कॅटेगरी इन्क्लूडओन्ली या टॅगच्या (त्यातलं फक्त टेम्प्लेट वापरणाऱ्या पानांना लागतं) आत ठेवायला विसरलात, तर खुद्द टेम्प्लेटच 'मासे'मध्ये जाऊन बसतं. आमच्याकडे महिनाभर माशांच्या यादीत एक रिकामा साचा पोहत होता. दुसरा खड्डा लोकांच्या सँडबॉक्सचा. कुणीतरी आपल्या सदस्य-पानाखाली सरावासाठी इन्फोबॉक्स वापरतो आणि गावकऱ्यांच्या यादीत 'चाचणी 3' नावाचा नवा गावकरी प्रकट होतो. त्यासाठी टेम्प्लेटमध्ये नेमस्पेसची (पान लेख आहे, सदस्य-पान आहे की टेम्प्लेट, तो प्रकार) अट टाका, म्हणजे मुख्य लेखांनाच कॅटेगरी लागेल. आणि टेम्प्लेट बदलल्यावर यादी लगेच हलली नाही तर घाबरू नका, जॉब क्यू (सर्व्हरवरची कामांची रांग) मागे असते. एखाद्या पानाची घाईच असेल तर ते उघडून काहीही न बदलता सेव्ह करा.

नावांबद्दल थोडक्यात. 'फिश' की 'फिशेस', एकदाच ठरवा आणि कुठेतरी लिहून ठेवा. मीडियाविकी पहिलं अक्षर सांभाळून घेते, पुढची नाही. त्यामुळे 'फॉल क्रॉप्स'मधला दुसऱ्या शब्दाचा सी कॅपिटल असला तर एक कॅटेगरी, स्मॉल असला तर दुसरी. पान तयार केलेलं नसलं तरी कॅटेगरी लागते, फक्त लाल दिसते. स्पेशल पानांत 'वॉन्टेड कॅटेगरीज' उघडा, तुमच्या दोनशेतल्या निम्म्या तिथे सापडतील. शेजारीच 'अनकॅटेगराइज्ड पेजेस' आहे, तेही आठवड्यातून एकदा बघत जा.

पोटकॅटेगरींचं फार मनावर घेऊ नका. विकिपीडियावर लेख शक्यतो सर्वांत आतल्या कॅटेगरीतच ठेवतात. तिथे लाखो लेख असतात, त्यांना ते भागच आहे. तुमच्याकडे 'मासे'मध्ये शंभरसुद्धा भरणार नाहीत आणि कॅटेगरीचं एक पान दोनशे नावं दाखवतं. सगळे मासे एकत्र दिसू देत, स्टारड्यूसारखे दंतकथेतले (लेजेंडरी) मासे असतील तर ते हवे तर पोटकॅटेगरीतही असू देत. एकच बघा, की 'शेती'च्या पोटात 'पिके' आणि 'पिके'च्या पोटात 'शेती' असं कुणी करून ठेवलेलं नाही ना. सॉफ्टवेअर त्याला अडवत नाही. आमच्याकडे दोन संपादकांनी मिळून ते साधलं होतं, एकमेकांना न विचारता.

'चित्र हवं', 'किंमत तपासा' अशा कामाच्या कॅटेगरी जरूर ठेवा, पण हिडन करून, म्हणजे वाचकाला दिसणार नाहीत अशा. माझ्या मते संपादकाला सर्वांत उपयोगी कॅटेगरी ह्याच.

आणि भांडणं होणारच. स्टारड्यूतला कॉफी बीन घ्या, पेरायचाही तोच आणि तोडायचाही तोच. मग तो बी की पीक? असल्या एका वस्तूवरून आमच्याकडे आठ दिवस टॉक पानावर (लेखाचं चर्चेचं पान) धुमश्चक्री चालली. शेवटी नियम केला, की गेम स्वतः वस्तूच्या नावाखाली जे लिहितो ती मुख्य कॅटेगरी. कॉफी बीनखाली गेम 'सीड' लिहितो. 'पीक'वाल्याला ते अजून पटलेलं नाही, पण त्याने रिव्हर्ट करणं (दुसऱ्याचा बदल उलटवणं) थांबवलंय.