दहा लाखांचं कर्ज काढून प्रायव्हेटला कॉम्प्युटर, की सरकारीत इलेक्ट्रिकल?

प्रश्न : ताई, मुलाला कॅप राऊंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) सरकारी विद्यापीठाच्या कॅम्पसवर इलेक्ट्रिकल मिळतंय. फी, होस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास खर्च येईल. पुण्यातल्या एका प्रायव्हेट कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय पण इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॅपबाहेर कॉलेज स्वतः भरतं त्या सीटवर, तिथे राहणं-खाणं धरून वर्षाला साडेतीन लाख. आमचं उत्पन्न साडेपाच लाख, ओपन कॅटेगरी. हे म्हणतात गावचं घर तारण ठेवून दहा लाखांचं कर्ज काढू, कॉलेजच्या माहितीपत्रकात अॅव्हरेज पॅकेज 8 लाख दिलंय, दोन वर्षांत फिटेल. मला रात्री झोप लागत नाहीये. काय करू? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी ते 8 लाखांचं अॅव्हरेज बघू, कारण घरातला सगळा हिशोब त्याच्यावरच उभा आहे. समजा दहा मुलं नोकरीला लागली, नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 44 लाख. बेरीज 80 लाख, भागिले दहा, अॅव्हरेज आलं 8 लाख. पण 8 लाख त्यातल्या एकालाही मिळालेले नाहीत! म्हणून अॅव्हरेज सोडा आणि मीडियन विचारा, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येणारा आकडा. हा कुठे मिळतो तर एनआयआरएफ म्हणून केंद्र सरकारचं रँकिंग आहे, त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजांनी भरलेली माहिती त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असते, त्यात किती मुलं वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन पगार किती हे वर्षवार दिलेलं असतं. पास झालेले 240 आणि प्लेस झालेले 150 असतील तर तो मीडियन त्या 150 जणांचाच आहे हे विसरू नका, उरलेल्या 90 मधले पुढे शिकायला गेलेले वजा करून बाकीच्यांचं काय झालं ते कॉलेजला सरळ विचारा. आणि हे आकडे सगळ्या ब्रँचेसचे मिळून असतात, त्यामुळे कॉम्प्युटरचे आणि इलेक्ट्रिकलचे वेगळे मागून घ्या, दोन्हीकडे.

आता कर्ज. दहा लाख म्हणजे दरवर्षी अडीच लाख उचलणार असं धरू, व्याज 10 टक्के. कोर्सची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार वर्षांचं असं साध्या व्याजाने धरलं तरी साडेतीन लाख होतात, म्हणजे हप्ते सुरू होतील त्या दिवशी डोक्यावर साडेतेरा लाख. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळजवळ 18 हजार, एकूण 21 लाखांच्या वर जातात. मुलाला साडेचार लाखांचं पॅकेज मिळालं तर पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे जाऊन हातात तीस-बत्तीस हजार पडतात, त्यातून 18 गेले की पुण्यात खोलीभाडं आणि डबा भागवताना महिनाअखेरीला घरूनच पैसे मागवायची वेळ येईल. दोन वर्षांत फिटण्याचा तर प्रश्नच नाही. आणि पहिली नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तर? तारण घर आहे ताई.

सरकारी सीटचं बघा. प्रवेश कॅपमधून आहे आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ट्यूशन आणि परीक्षा फी निम्मी होऊ शकते. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटला ही सवलत नाही, आणि हे अॅडमिशनच्या गडबडीत कोणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, थोडी शेती असेल तर त्याच्या अटी नक्की बघा.

तुमचे मिस्टर म्हणतील की सगळा पैसा कॉम्प्युटरलाच आहे. काही अंशी खरंय, पहिल्या नोकरीच्या पगारात ब्रँचचा फरक पडतो. पण मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत इलेक्ट्रिकलची मुलंही बसतात आणि तिथला सुरुवातीचा साडेतीन लाखांच्या आसपासचा पगार दोघांना सारखाच. इलेक्ट्रिकलवाल्याला गेट ही इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा देऊन एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्यांचा रस्ताही असतो, आणि गेटवर एमटेकला गेला तर महिन्याला 12,400 रुपये स्टायपेंड मिळतो. कर्ज नसलेला मुलगा ही दोन वर्षं शिकू शकतो. हप्ता चालू झालेल्या मुलाला मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागते, आवडो न आवडो.

माझं मत स्पष्ट आहे, घर तारण ठेवू नका, सरकारी सीट घ्या. एकच गोष्ट आधी करा, मुलाला शेजारी बसवून विचारा की त्याला कोडिंगची खरंच ओढ आहे का मित्र चाललेत म्हणून हवंय. ओढ असेल तर पुढच्या कॅप राऊंडला कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) वरती टाका, टीएफडब्ल्यूएस या वेगळ्या कोट्याचे कोडही टाका, त्यात ट्यूशन फी माफ असते, फक्त नंतर ब्रँच बदलता येत नाही. कॅपमधून कॉम्प्युटर मिळालं तर प्रायव्हेट असलं तरी गणित पुन्हा मांडा, तेव्हा माझं उत्तर वेगळं असू शकेल.

प्रश्न : मुलगी आहे, ओबीसी, उत्पन्न 4 लाख. प्रायव्हेट इंजिनिअरिंग परवडेल का? – एक वडील, जालना

उत्तर : 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅपमधूनच हवा. त्यामुळे तुमचा खर्च म्हणजे मुख्यतः होस्टेल, मेस आणि कॉलेजच्या इतर फी. त्या इतर फीचा आकडा प्रवेशाआधी लेखी मागा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेवा आणि महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचा फॉर्म दरवर्षी वेळेत भरा.