उपग्रहाला पोवळं दिसतं का?

प्रश्न (देवगड): गूगलच्या नकाशावर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्यात काळपट डाग दिसतात. ते प्रवाळ समजायचे का?

एवढी घाई नको. तो डाग खडपाचा, म्हणजे पाण्यातल्या खडकाचा असेल, खडपावरच्या शेवाळाचा असेल, नाहीतर ढगाच्या सावलीचा. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला रंग येतो तो बराचसा त्यामुळेच. म्हणून वरून पाहताना शेवाळ आणि प्रवाळ यांत फसगत होते. त्यात सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० बाय १० मीटरचा. लक्षद्वीपला पांढऱ्या वाळूवर पोवळ्यांची लांबच लांब भिंत असते, तिथे हे चालतं. मालवणात पोवळी खडकांवर विखुरलेली, एका ठिपक्यात वाळू, खडक, शेवाळ, पोवळं सगळं कालवलेलं.

प्रश्न (मालवण): मग चित्र कुठल्या दिवसाचं घ्यावं?

खरा प्रश्न हाच. पावसाळ्यात खाड्या गाळ ओततात, तेव्हाची चित्रं उघडूच नका. डिसेंबर-जानेवारीत पाहा. सेंटिनेल सकाळी अकराच्या सुमारास जातो, म्हणजे वारा सुटायच्या आधी. हे आपलं नशीब. त्या वेळी ओहोटी हवी, कारण लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच संपतो, निळा तेवढा खोल जातो. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी तळ ढवळते. मी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे लहान भरती-ओहोटीचे दिवस निवडतो; पाणी थोडं जास्त असलं तरी निवळ असतं.

त्याच दिवशी होडीतून दोरीला पांढरी ताटली बांधून सोडा. दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारा. गाठ तीन मीटरवर पडली, तर पाच मीटरवरच्या तळाचा नकाशा कुणी दाखवला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. आणि डुबकी मारणाऱ्याला जीपीएसच्या खुणा घेऊन खाली पाठवाच. त्याशिवायचा नकाशा म्हणजे रंगवलेला कागद.

प्रश्न (रत्नागिरी): आंग्रिया बँकही अशीच शोधता येईल?

आंग्रिया बँक म्हणजे समुद्रात बुडालेला, पोवळ्यांचा उंचवटा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, पाणी नितळ, पण माथाच वीसेक मीटर खोल. निळ्या प्रकाशाच्या चित्रात पुसट आकार मिळाला तर मिळाला; तळ मोजायला जहाजावरचं सोनार, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्रच हवं.

प्रश्न (वेंगुर्ले): पोवळी पांढरी पडताना उपग्रहाला कळतं?

पाणी तापून पांढरी पडलेली पोवळी क्वचित दिसतात, धोका मात्र आधी कळतो. अमेरिकेची नोआ संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान पाहते. एरवीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा ते १ अंशाने चढून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की ती इशारा देते. पण पाच किलोमीटरच्या चौकोनाला एकच आकडा असतो त्यांचा. किनाऱ्यालगत थर्मामीटर आपलाच बरा.