बोअर आणि महापालिकेची लाइन एकाच पाइपने टाकीत येते. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) कुठे बसवू? (इंदिरानगर, नाशिक)

महापालिकेच्या लाइनवर, मीटरच्या पुढे आणि बोअरचा टी (तीन तोंडांचा जोड) जोडलाय त्याच्या आधी बसवा. टीच्या पुढे बसवला तर काहीच उपयोग नाही. कारण असं की नळाचं पाणी गेलं की रस्त्यातली लाइन रिकामी होते, आणि त्याच वेळी तुम्ही बोअरची मोटर लावली तर पाणी टाकीत चढण्याऐवजी सोपी वाट धरून मागे गल्लीतल्या लाइनीत जातं. शेजाऱ्यांच्या नळाला पहिलं येतं ते तुमच्या बोअरचं. प्लंबिंगच्या कामात हे नेहमी दिसतं. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीच्या दिशेला ठेवा. झडपेचा (स्विंग) असेल तर आडवा, किंवा उभ्या पाइपात पाणी वर चढत असेल तिथेच. खाली उतरत्या पाइपात झडप उघडीच लोंबकळते. स्प्रिंगचा कसाही चालतो. दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) टाका, कारण पावसाळ्यात गाळ येतो, झडपेखाली वाळूचा एक खडा अडकला तरी ती पूर्ण बसत नाही, आणि दरवेळी पाइप कोण कापणार!

पण साधा एनआरव्ही म्हणजे पक्की हमी नव्हे, तो झिजतो. जमत असेल तर टी काढूनच टाका, दोन्ही पाइप टाकीत वेगवेगळे सोडा, आणि नळाच्या पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंचीवर ठेवा. त्या मोकळ्या हवेतून पाणी मागे जाऊच शकत नाही.