तुमचे प्रश्न: जुनी केस परत उघडली तर?

प्रश्न: ताई, मी सध्या 'सिग्नल' ही कोरियन सिरियल बघतेय, वॉकीटॉकीवरून जुन्या काळातला पोलीस आत्ताच्या पोलिसाशी बोलतो ती. त्यात पंधरा वर्षं झाली की खुन्याला पकडूनही उपयोग नाही असं दाखवलंय. खरंच असा कायदा होता का? आणि आपल्याकडे आहे का?

उत्तर: हो गं, खरंच होता. सिरियल २०१६ची, पण तिच्यातल्या एका केसमागे दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग या भागातले १९८६ ते १९९१मधले खून आहेत, दहा बायका गेल्या आणि वीस हजारांहून जास्त लोकांची चौकशी करूनही कोणी सापडलं नाही, २००६मध्ये शेवटच्या खुनाची पंधरा वर्षांची मुदतही संपली. मग २०१९मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए जुळला तो ली चुन-जे या माणसाशी, जो मेहुणीच्या खुनासाठी १९९४पासून जेलमध्येच होता! त्याने कबूल केलं, पण या खुनांसाठी खटला चालवता आलाच नाही. खुनासाठीची मुदत कोरियाने २०१५मध्ये काढली, पण आधीच संपलेल्या केसेसना त्याचा फायदा नाही. मला सगळ्यात जास्त छळतं ते हे की त्यातल्या आठव्या खुनासाठी भलताच माणूस जवळपास वीस वर्षं आत होता, निर्दोष ठरला २०२०मध्ये, ती वर्षं कोण परत देणार त्याला?

आपल्याकडे खुनाला मुदत नाही, ती फक्त तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना लागते. आणि हो, 'ग्यारह ग्यारह' हा 'सिग्नल'चाच हिंदी रिमेक, २०२४चा. पण आधी कोरियनच संपव.